इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट कारमधलं रस्त्यावर नेमकं काय उतरतं?

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणाऱ्यांचं कुपवाड एमआयडीसीत टर्निंग आणि मिलिंगचं लहान युनिट आहे. घरात पहिली इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं चाललंय. मुलाने एका कंपनीच्या नव्या इलेक्ट्रिक कॉन्सेप्टचे, म्हणजे विक्रीआधी प्रदर्शनात मांडलेल्या नमुना गाडीचे, फोटो दाखवले आणि ‘ही येईपर्यंत थांबू या’ असा हट्ट धरला. ‘आमच्या डिझाइनची पुढची दिशा हीच’ असं कंपनीनेही जाहीर केलंय. तर या दिशेतलं रस्त्यावर किती उतरतं, थांबण्यात अर्थ आहे का, आणि वर्कशॉप चालवणाऱ्याने अशा गाडीकडे बघून काही ओळखावं का, असं त्यांचं विचारणं आहे.

मी बरीच वर्षं चाकणला बॉडी पॅनेलच्या डाय (पत्रा दाबून आकार देणारे साचे) डिझाइन करण्यात काढली आणि आता साताऱ्यात पॅनेलची चेकिंग फिक्स्चर्स, म्हणजे भाग मापात आहे का ते तपासायचे साचे, करते. स्टुडिओत स्केच काढणाऱ्याचं उत्तर कदाचित वेगळं येईल. माझं उत्तर प्रेसखाली पत्र्याचं काय होतं ते बघून तयार झालेलं आहे.

आधी थोडक्यात सांगते. गाडीची ठेवण बहुतेक वेळा जशीच्या तशी येते आणि साज बराचसा गळून पडतो. ठेवण म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस), चाकाच्या मानाने बॉडीची उंची, पुढची काच कुठून सुरू होते, छत कुठून उतरायला लागतं, नाक किती आखूड आहे. साज म्हणजे आरशांच्या जागी कॅमेरे, विरुद्ध दिशांना उघडणारी दारं, फिरणाऱ्या सीट, अवाढव्य रिम, या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळणारं नाक. फोटोत आपली नजर साजावर जाते, कारण तो त्यासाठीच केलेला असतो. गाडी घेणाऱ्याने आणि सुटे भाग बनवणाऱ्याने बघायची असते ठेवण.

याचा पुरावा आपल्याच राज्यात तयार होणाऱ्या गाडीत आहे. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या कॉन्सेप्ट म्हणून दाखवल्या. त्यातल्या बीई.०५ची मापं होती लांबी ४३७० मिलिमीटर, रुंदी १९००, उंची १६३५, व्हीलबेस २७७५. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती विक्रीसाठी जाहीर झाली, तिचंच आजचं नाव बीई ६. तिची मापं बघा : लांबी ४३७१, रुंदी १९०७, उंची १६२७, व्हीलबेस २७७५. सव्वादोन वर्षांत लांबीत एका मिलिमीटरचा फरक! तिच्याबरोबर दाखवलेली एक्सयूव्ही.ई९ पुढे एक्सईव्ही ९ई म्हणून आली, तिथेही तोच प्रकार : ४७९०ची ४७८९ झाली, व्हीलबेस तसाच. पहिल्या आकड्यांच्या वेळी या गाड्यांना लोक ‘कल्पनाचित्र’ समजत होते.

इतका मेळ बसायचं कारण कामाच्या क्रमात आहे. गाडीचं काम प्लॅटफॉर्मपासून, म्हणजे खालच्या मूळ सांगाड्यापासून, सुरू होतं. बॅटरीचा पॅक केवढा, मोटर कुठे, माणसं कशी बसणार, धडकेत कोणता भाग किती चेपला गेला तर चालेल हे ठरतं. त्यावर स्टुडिओ आकार चढवतो. क्ले मॉडेल (मातीचा नमुना) होतं, मग कॉम्प्युटरवर अंतिम सरफेस, म्हणजे बाहेरचा नेमका आकार, बनते आणि एके दिवशी डिझाइन गोठवलं जातं. तिथून पुढे आमच्यासारख्यांचं काम : मोठ्या डायचं कास्टिंग, मशिनिंग, ब्लू (निळा रंग) लावून कुठे टेकतं ते बघत घासणं, ट्रायआउट (पत्रा दाबून चाचणी), पुन्हा घासणं. एका दाराच्या किंवा बॉनेटच्या बाहेरच्या पॅनेललाच ड्रॉ (पत्रा ओढून आकार देणं), ट्रिमिंग (कडा कापणं), फ्लँजिंग (कडा वाकवणं), रीस्ट्राइक (पुन्हा दाबून आकार नेमका करणं) अशा चार-पाच डाय लागतात. बॉडीसाइड हा सगळ्यात मोठा तुकडा, त्याची डाय वेळ खाते ते वेगळंच. एवढं सगळं दोन-अडीच वर्षांत उरकून गाडी शोरूममध्ये आणायची, तर कॉन्सेप्टवरचा पडदा उठतो त्या दिवशी ठेवण ठरलेली असलीच पाहिजे. अशा गाडीचा क्रम उलटा असतो. विक्रीची गाडी कागदावर आधी पक्की होते आणि तिच्यावर थोडा साज चढवून कॉन्सेप्ट उभी करतात. पाहणारा तिला सुरुवात समजतो, आमच्यासाठी तोवर निम्मं काम झालेलं असतं.

थोडी फिरवाफिरव मात्र जवळपास सगळेच करतात आणि ती कुठे होते हे माहीत असलं की फोटो वाचता येतो. मारुतीने जानेवारी २०२३ च्या ऑटो एक्स्पोत ईव्हीएक्स दाखवली, ४३०० मिलिमीटर लांब, १८०० रुंद, १६०० उंच. तिची विक्रीची आवृत्ती ई-विटारा नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला आली. लांबी ४२७५ झाली, रुंदी तीच राहिली आणि उंची पस्तीस-चाळीस मिलिमीटरने वाढली. हे नेहमीचंच आहे. प्रदर्शनातली गाडी थोडी खाली बसवतात, चाक कमानीत घट्ट बसवतात, म्हणजे ती जमिनीला चिकटल्यासारखी रुबाबदार दिसते. खऱ्या गाडीचं चाक खड्ड्यात वर उचललं जातं, वळणावर आत वळतं, पावसाळ्यात चिखल घेऊन फिरतं. त्याला कमानीत जागा द्यावीच लागते. फोटोत चाक आणि कमान यांच्यात बोटभर फट दिसली, तर बॉडी दोन बोटं वर उचलून आणि रिम दोन इंच लहान करून गाडी डोळ्यांपुढे आणायची. तरीही ती आवडली, तर ती खरी आवडली.

सगळ्या कॉन्सेप्ट या जातीच्या नसतात. टाटांनी २९ एप्रिल २०२२ रोजी अविन्या दाखवली, तेव्हा ती २०२५ मध्ये येईल असं सांगितलं होतं. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, अविन्याच्या गाड्यांसाठी जग्वार लँड रोव्हरचा ईएमए प्लॅटफॉर्म घ्यायचं ठरलं. मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत अविन्या एक्स आली. ती पहिलीसारखी बुटकी, लांबट खोलीसारखी गाडी नव्हती. छत मागे उतरणारी उंच एसयूव्ही होती. काहींना ही धरसोड वाटली. मला ते सरळ वाटतं, कारण प्लॅटफॉर्म बदलला की बॅटरीची जागा, पायाखालची उंची, चाकांमधलं अंतर बदलतं, आणि ठेवण बदलली की वरचा आकार पहिल्यापासून काढावा लागतो. म्हणून कॉन्सेप्टबद्दल पहिला प्रश्न असा विचारायचा की ती कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे आणि तो प्लॅटफॉर्म तयार आहे का. बातमीत याचं सरळ उत्तर नसेल, तर त्या गाडीसाठी घरातली खरेदी अडवून धरू नये.

तिसरी जात अभ्यासाची. मर्सिडीजची व्हिजन ईक्यूएक्सएक्स ही २०२२ ची गाडी, तिचा ड्रॅग गुणांक ०.१७ (हा आकडा जितका लहान, तितका आकाराला हवेचा विरोध कमी). त्या एप्रिलमध्ये ती जर्मनीतल्या झिंडेलफिंगनहून दक्षिण फ्रान्समधल्या कासीपर्यंत एका चार्जवर १००८ किलोमीटर गेली. तशीच्या तशी ती विकायची नव्हतीच. तिच्यातून शिकलेलं पुढच्या गाड्यांत थोडंथोडं मुरतं, त्यामुळे तिची वाट बघण्यात अर्थ नसतो.

फोटोवरून जात ओळखायची एक साधी खूण सांगते. नंबर प्लेटला खाच आहे का? पुढच्या काचेवर वायपर आहेत का? बंपरवर टो-हूकचं (बंद पडलेली गाडी ओढायच्या हूकचं) छोटं चौकोनी झाकण दिसतं का? चार्जिंगचं झाकण, दाराचं हँडल, बॉनेट आणि फेंडरमधली सांध्याची रेघ, सीटचा बेल्ट? या कंटाळवाण्या गोष्टी फोटोत असतील तर ती गाडी कारखान्याच्या जवळ आलेली आहे, कारण प्रदर्शनासाठी त्यांची कुणालाच गरज नसते. यातलं काहीच नसेल आणि काचा पूर्ण काळ्या असतील, तर आत बहुधा दाखवण्यासारखं काही झालेलं नाही. पुष्कळ कॉन्सेप्टच्या बॉडी हाताने घडवलेल्या फायबरच्या असतात, काचेऐवजी ॲक्रिलिक असतं आणि गाडी मंचावर चालण्यापुरतीच हलते.

आता इलेक्ट्रिक असण्याने ठेवणीत काय बदलतं ते बघू. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इंजिन गेलं की नाकाला लांबीची गरज राहत नाही. मोटर अॅक्सलपाशी मावते. त्यामुळे पुढची चाकं पुढे सरकतात, मागची मागे, आणि बाहेरची लांबी तेवढीच राहून आतली जागा वाढते. ह्युंदाईची आयोनिक ५ लांबीने ४६३५ मिलिमीटर आहे आणि तिचा व्हीलबेस ३००० मिलिमीटर आहे. त्याच कंपनीची पॅलिसेड ही तिच्याहून खूप मोठी एसयूव्ही, तिच्या पहिल्या पिढीचा व्हीलबेस २९०० होता. आयोनिक ५ची कॉन्सेप्ट २०१९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ‘४५’ नावाने आली होती. तिच्यातल्या चौकोनी ठिपक्यांच्या दिव्यांची सगळीकडे चर्चा झाली. खरी बातमी दोन चाकांमधल्या त्या लांब पट्ट्यात होती.

हे घरबसल्या मोजता येतं. गाडीचा अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या. टायरचा बाहेरचा व्यास हे एक माप धरा आणि पुढच्या व मागच्या टायरच्या मधल्या मोकळ्या जागेत तशी किती चाकं बसतील ते बघा. बीई ६चं टायर बाहेरून सुमारे ७५० मिलिमीटरचं, म्हणजे मधे जवळजवळ पावणेतीन चाकं बसतात. स्टुडिओतही प्रमाण असंच चाकांत मोजतात. दोन-तीन गाड्यांवर हे करून बघितलं की कोणता व्हीलबेस खरोखर लांब आहे आणि कुठे फक्त रिम मोठी काढून गाडी आखूड दाखवली आहे, हे डोळ्याला लगेच कळायला लागतं. मुलालाही हे करायला सांगा, त्याला आवडेल.

इलेक्ट्रिक असण्याची दुसरी बाजू तेवढी सोयीची नाही. बॅटरी पायाखाली असते. सेल, त्याखालची थंड करायची प्लेट, पॅकचं कवच, खालून दगड लागू नये म्हणून जाड पत्रा, सगळं मिळून फ्लोअर शंभर ते दीडशे मिलिमीटर वर येतो. बाजूने धडक बसली तर बॅटरी वाचावी म्हणून दाराखालचा सिल जाड करावा लागतो. माणसाचा पाय वर आला, डोकं आहे तिथेच राहिलं, की गुडघे छातीकडे येतात. म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या उंच एसयूव्ही होतात. आणि डिझाइनर मग ती उंची लपवण्यामागे लागतो. दाराचा खालचा पट्टा काळा रंगवायचा, चाक मोठं करायचं, बाजूला एक खोल सावली पाडायची, छत मागे उतरवायचं. अंगाने जाड माणूस उभ्या रेघांचा सदरा घालतो तसलंच हे.

उतरत्या छताबद्दल माझं मत ठाम आहे. टाटांची कर्व्ह कॉन्सेप्ट म्हणून एप्रिल २०२२ मध्ये आली, तेव्हापासून हा आकार आपल्याकडे फॅशनमध्ये आहे. तो सुंदर दिसतो, हवाही मागे नीट सुटते. पण खालून फ्लोअर वर आलेला आणि वरून छत खाली आलेलं, या दोन्हींमध्ये मागच्या सीटवरचा माणूस सापडतो. सांगलीतल्या घरात मागे आई-वडील बसणार असतील, तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना घेऊन जा आणि मागेच बसवा. आत शिरताना डोकं किती वाकवावं लागतं, मांडीखाली सीटचा आधार मिळतो का, सिल ओलांडताना पाय अडतो का, हे त्यांना पाच मिनिटांत कळेल. कॉन्सेप्टच्या फोटोत हे कधीच दिसत नाही, कारण तिथे मागच्या सीटवर कुणी बसलेलंच नसतं.

हवेचं गणितही सांगते, कारण ‘एअरोडायनॅमिक’ हा शब्द प्रत्येक कॉन्सेप्टच्या माहितीत असतो आणि तो कधी कामाचा, कधी बिनकामाचा हे फारसं कुणी सांगत नाही. समजा गाडी माणसांसकट १९०० किलोची आहे आणि समोरून तिचं क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर भरतं. ताशी १०० किलोमीटरने जाताना, ड्रॅग गुणांक ०.३० असेल तर दर १०० किलोमीटरला फक्त हवा बाजूला सारण्यासाठी चाकाला सुमारे ९.२ युनिट ऊर्जा लागते. टायरच्या घर्षणाला साधारण ५ युनिट. गुणांक ०.२४ वर आणला की हवेचा खर्च ७.४ युनिटवर येतो. सांगलीहून पेठ नाक्यावरून कराड, सातारा करत पुण्यापर्यंत याच वेगाने गेलात, तर चारेक युनिट वाचतील, म्हणजे पंचवीस किलोमीटरची बेगमी. ही बचत खरी आहे आणि ती दररोज मिळते. मात्र ताशी ५० ला हवेचा खर्च चौपटीने उतरतो, तिथे ०.३० आणि ०.२४ मधला फरक अर्ध्या युनिटाहून कमी. विश्रामबाग ते मिरज रोज फिरणाऱ्याला ड्रॅगपेक्षा एप्रिलच्या उन्हात एसी किती वीज खातो हे महत्त्वाचं.

आणि घाटात तर वजनच बोलतं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरला जायचं म्हणजे सहाशे मीटरहून थोडं अधिक वर चढणं. १९०० किलोच्या गाडीला नुसत्या उंचीपायी सव्वातीन युनिट लागतात, आकार कसाही असो. उतरताना त्यातलं बरंचसं बॅटरीत परत येतं, पण तेही आकाराने नाही, मोटर आणि ब्रेकच्या मेळामुळे.

कॉन्सेप्टमधलं अखंड काचेचं छत मला आपल्या हवेत अजिबात पटत नाही. काच कितीही चांगली असली तरी उन्हात उभी केलेली गाडी आधी गार करायला एसीला जादा काम लागतंच. खरेदीच्या वेळी त्यावर पडदा आहे का, एवढं विचारा.

या सगळ्या दिशेतला माझ्या धंद्याचा भाग म्हणजे पत्रा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाड्यांच्या बाजूंवर रेघांची गर्दी झाली होती. आता इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट उलट दिशेला निघाल्या आहेत. जग्वारने डिसेंबर २०२४ मध्ये मायामीला टाइप ०० दाखवली. तिच्या बाजूवर रेघ जवळपास नाहीच, मागे काचही नाही. आणि इलेक्ट्रिक असूनही तिने मुद्दाम लांब बॉनेट ठेवलं, कारण जग्वार म्हटल्यावर लोकांना तेच आठवतं. बॅटरीमुळे आकार आपोआप ठरतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गाडी जरूर बघावी. ठेवण प्लॅटफॉर्म देतो, तिचं काय करायचं हे शेवटी माणसं ठरवतात.

सपाट, स्वच्छ बाजू दिसायला सोपी आणि दाबायला अवघड. रेघेमुळे पत्र्याला ताकद येते आणि डायची लहानसहान चूक तिच्यामागे लपते. मोठ्या सपाट पॅनेलवर लपायला जागाच नसते. शिवाय पत्रा ड्रॉमध्ये दोन-तीन टक्के तरी ताणला गेला पाहिजे, तरच तो ताठ होतो. तेवढा ताण मिळाला नाही तर बोट दाबलं की मध्ये टक्कन आत-बाहेर होतो आणि पार्किंगमध्ये साधा धक्का लागला तरी पोचा पडतो. सपाट पॅनेलच्या मध्यभागापर्यंत हा ताण पोचवणं हीच कसरत. वर स्प्रिंगबॅक. डायमधून सुटल्यावर पत्रा थोडा मागे येतो, तो किती येईल याचा अंदाज घेऊन डाय आधीच उलट वाकवून कापायची. आता हाय-स्ट्रेंथ स्टील आणि ॲल्युमिनियम वाढल्यामुळे हे मागे येणंही वाढलंय.

कॉन्सेप्टवर चाकूसारखी धार दिसते, ती डायमध्ये तशी निघत नाही. फार लहान त्रिज्येवर पत्रा पातळ होऊन फाटतो किंवा धारेशेजारी घसरल्याची खूण राहते. मग सरफेसवाले आणि आम्ही बसून त्रिज्या थोडी वाढवतो, कडेची सरफेस थोडी फुगवतो, आणि उजेड तिच्यावरून तसाच सरकेल असं बघतो. ट्यूबलाइटच्या रांगेखाली पॅनेल धरून त्यातल्या पांढऱ्या रेघा तुटतात का हे तासन्‌तास बघणं हे आमच्या कामातलं खरं सुख आहे. शोरूममध्ये तुम्हीही हे करा. गाडीच्या शेवटाजवळ बसून बाजूच्या पत्र्यात छताच्या दिव्यांचं प्रतिबिंब बघा. रेघ एका पॅनेलवरून दुसऱ्यावर न थबकता गेली, तर त्या कारखान्यात माणसांनी मन लावून काम केलंय.

काचेवरही अशीच बंधनं असतात आणि त्यांची चर्चा फार कमी होते. दाराची काच खाली जायची तर तिचा वाक एका ठरावीक गोलाईतच असावा लागतो, नाहीतर ती दारात अडकेल. कॉन्सेप्टमध्ये काच हवी तशी वळवता येते, कारण ती उघडतच नाही. विक्रीच्या गाडीच्या खिडक्या थोड्या उभ्या आणि साध्या दिसतात त्या यामुळे.

दिव्यांच्या लांब पट्टीबद्दल गाडी घेणाऱ्याला सावध करते. पट्टी डिकीचं दार आणि दोन्ही बाजूंचे फेंडर अशा तीन वेगळ्या भागांवरून जाते. ते तिन्ही भाग एका रेषेत बसले नाहीत तर रात्री उजेडाला पायरी दिसते, म्हणून कारखान्याला फिटिंग फार काटेकोर ठेवावं लागतं. तुमच्या दृष्टीने प्रश्न वेगळा : मागून दुचाकीचा हलका धक्का बसला तर कोणता तुकडा बदलावा लागेल आणि त्याची किंमत काय? बुकिंगआधी सर्व्हिस सेंटरला ही किंमत लेखी विचारा. विम्यात तो दिवा धरलाय का तेही बघा. दारात लपणाऱ्या हँडलबाबत माझा एकच आग्रह आहे. वीज गेली तरी आतून आणि बाहेरून दार कसं उघडायचं, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

‘डिझाइनची दिशा’ सगळ्यात आधी कुठे उतरते हे पाहिलं तर थांबावं की नाही याचं उत्तर मिळतं. कर्व्ह कॉन्सेप्ट २०२२ ची. ती स्वतः ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. पण तिचा चेहरा, बॉनेटखालून जाणारी दिव्यांची ती आडवी रेघ, सप्टेंबर २०२३ मध्येच नव्या नेक्सॉनवर येऊन गेला होता. बंपर आणि दिवे प्लॅस्टिकचे, त्यांचे मोल्ड तुलनेने लवकर बनतात आणि बॉडीच्या मुख्य डायना हात लावावा लागत नाही. म्हणून नवा चेहरा आधी चालू गाड्यांवर बसतो. चेहऱ्यासाठी थांबत असाल तर कदाचित थांबायची गरजच नाही. जागेसाठी, फ्लोअरसाठी, नव्या प्लॅटफॉर्मसाठी थांबत असाल, तर तो प्लॅटफॉर्म जाहीर झालाय आणि गाडी रस्त्यावर आच्छादन घालून चाचणीला फिरताना दिसतेय, एवढ्या दोन गोष्टी घडल्या असल्या तरच थांबा. आज गाडीची गरज असेल तर आज मिळणाऱ्यांतली ठेवणीने चांगली गाडी घ्या. कॉन्सेप्टमधून निघालेल्या गाडीच्या पहिल्या काही महिन्यांच्या उत्पादनात फिटिंगच्या आणि सॉफ्टवेअरच्या तक्रारी येतात, त्या निस्तरेपर्यंत थांबलेलं बरं, असं माझं धंद्यातलं मत आहे.

मग कंपन्या हा खटाटोप का करतात? प्रथा जुनी आहे. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी १९३८ मध्ये ब्यूक वाय-जॉब बनवली. दिवे झाकलेले, खिडक्या विजेवर चालणाऱ्या. विकण्यासाठी नव्हतीच ती, अर्ल स्वतः वापरायचे. लोकांची नजर तयार करणं हा तेव्हाही हेतू होता, आजही आहे. अनोळखी आकार पहिल्यांदा डोळ्याला खुपतो, दोन वर्षं फोटोत बघितला की सरावाचा होतो. शिवाय खुद्द कंपनीत शेकडो इंजिनिअर आणि पुरवठादार असतात. ‘आपल्याला हे बनवायचंय’ असं त्यांच्यासमोर मूर्त रूपात उभं राहिल्याने पुढच्या वाटाघाटीत डिझाइनची बाजू टिकते. आतल्या माणसाला हा उपयोग जास्त वाटतो.

राहिला तुमच्या युनिटचा प्रश्न. कुपवाड-मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा पट्टा कास्टिंग आणि मशिनिंगवर उभा आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, क्लच हाउसिंग नाही. ही काळजी खोटी नाही. पण साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सने एकेकाळी प्रिया स्कूटर बनवली, ती स्कूटर इतिहासजमा झाल्यावरही कंपनी प्रेशर डाय कास्टिंगच्या डाय, जिग आणि फिक्स्चर्स बनवत राहिली. वस्तू गेली तरी ती वस्तू बनवायला लागणारं हत्यार करण्याचं कसब कामाला येतं.

कॉन्सेप्टकडे त्या नजरेने बघा. स्वच्छ बाजू आणि बारीक सांधे दिसले, तर त्यामागे जास्त आणि काटेकोर चेकिंग फिक्स्चर्स आहेत. चार मिलिमीटरची फट तीनवर आणायची तर प्रत्येक पुरवठादाराला आपला भाग मोजून द्यावा लागतो, आणि त्या फिक्स्चरचे लोकेटर पिन, क्लॅम्प ब्लॉक, बुश तुमच्यासारख्या युनिटमध्येच होतात. लांब व्हीलबेस आणि सपाट फ्लोअर दिसला, तर बॅटरी ट्रे, थंड पाण्याच्या प्लेट, ॲल्युमिनियमची हाउसिंग वाढणार. ॲल्युमिनियम मशिनिंगला बिडापेक्षा (ओतीव लोखंडापेक्षा) वेगळी टूल, जास्त स्पिंडल स्पीड आणि बुऱ्याची नीट विल्हेवाट लागते. त्यासाठी एखादं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) तुम्ही आज ना उद्या घेणारच असाल, तर ते घेताना १२,००० आरपीएमचा स्पिंडल बघा. बिडाच्या कामासाठी घेतलेल्या हळू मशीनवर ॲल्युमिनियमचा भाव जुळत नाही.

तुमच्याकडे सध्या कोणत्या भागांचं काम आहे, बीड किती आणि स्टील किती, टॉलरन्स कुठपर्यंत राखता आणि मोजायला सीएमएम (भागाची मापं तिन्ही दिशांनी घेणारं मशीन) आहे की हाइट गेजवरच चालतं, हे कळवलंत तर फिक्स्चरच्या कोणत्या भागांपासून सुरुवात करावी ते नेमकं सांगता येईल.